‘पहिली मंगळागौर’ : युद्धकाळातला एक हसरा बोलपट



या वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा त्यांची अशी अपेक्षा होती की, मी हमालांच्या मजुरीवर, नाहीतर आडतीवरच्या तोलाईवर बोलेन. मी त्यांना म्हटले, त्या विषयावर मी तीस वर्षे बोलतो आहे; ऐकणारे थकले आणि मजुरी काही त्या मानाने वाढली नाही. यंदा मी सिनेमावर बोलतो. चालक हसले. युनियनचा माणूस आणि त्याने सिनेमावर बोलायचे, तेही एका हसऱ्या, गाण्याबजावण्याच्या, लग्नाच्या गोष्टीवर, हे त्यांना थोडे विपरीत वाटले असावे. तुम्हालाही वाटत असेल. परंतु एक तासभर धीर धरा. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे वाचनालयाच्या बाकावर आणि मोर्चाहून परतताना एस.टी.त बसून झाले. त्यामुळे मी विद्वानासारखे बोलणार नाही. कुठलीही वस्तू समोर आली की ती कोणी घडवली, किती वेळात घडवली आणि घडवणाऱ्याला काय मिळाले, हे तीन प्रश्न विचारायची मला खोड आहे. तीच खोड मी आज एका बोलपटावर चालवणार आहे.

बोलपटाचे नाव ‘पहिली मंगळागौर’. साल १९४२. काढणारी संस्था पुण्याची नवयुग चित्रपट. दिग्दर्शक आर. एस. जुन्नरकर. नायिका स्नेहप्रभा प्रधान, नायक शाहू मोडक, विनोदाची बाजू सांभाळायला विष्णुपंत जोग, आणि संगीत दादा चांदेकरांचे. आता मंगळागौर म्हणजे काय हे इथल्या माताभगिनींना सांगायला नको. लग्न झाल्यावर श्रावणातल्या मंगळवारी नव्या सुनेने पूजा करायची, रात्र जागवायची, फुगड्या-झिम्मा खेळायचा. माझ्या आईच्या घरी मंगळागौर कधी पुजली गेली नाही. ती प्रथा विशेषेकरून पांढरपेशांची. आमच्याकडे श्रावण म्हणजे पंचमीचा झोका आणि माहेरी आलेल्या लेकींची गाणी. पण दोन्हींच्या मुळाशी गोष्ट एकच : नवे लग्न झालेली मुलगी आणि तिची चार घटका मोकळीक. आपल्याकडच्या प्रेमकथेत त्या काळी प्रेम बहुधा लग्नानंतर सुरू होई, आणि नावावरूनच कळते की इथेही लेखकाची नजर त्या पहिल्या वर्षावर आहे. विलायती बोलपट लग्नापाशी संपतो. आपला तिथून सुरू होतो.

आता ते साल डोळ्यांसमोर आणा. १९४२च्या १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडले. ८ मार्चला रंगून जपान्यांच्या हाती गेले आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. ६ एप्रिलला विशाखापट्टण आणि काकिनाडा इथे जपानी बॉम्ब पडले. मुंबईतली बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे गावाकडे निघाली. ऑगस्टच्या ८ तारखेला गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि ९ तारखेच्या पहाटे पुढारी तुरुंगात गेले. सातारा जिल्ह्यात पत्री सरकारची बीजे पडू लागली. ज्या पुण्यात हा बोलपट तयार झाला, त्याच पुण्यात कॅम्पातल्या कॅपिटॉल सिनेमागृहात, जिथे गोरे सोल्जर खेळ पाहायला बसत, २४ जानेवारी १९४३ रोजी तरुण क्रांतिकारकांनी बॉम्ब उडवला. अशा सालात कोणी मंगळागौरीवर हसरा बोलपट काढतो! शंका येते की हे लोक झोपेत होते, की जाणूनबुजून डोळे मिटून बसले होते?

ही शंका मलाही बराच काळ होती, आणि तिचे उत्तर ठोक देण्याआधी ही माणसे कुठून आली ते पाहिले पाहिजे.

मास्टर विनायक हे नाव जुन्या मंडळींना ठाऊक आहे. विनायक दामोदर कर्नाटकी, जन्म कोल्हापूरचा, १९०६चा. १९३६ साली विनायक, बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांनी कोल्हापुरात हंस पिक्चर्स काढली. पहिले चित्र ‘छाया’, वि. स. खांडेकरांच्या कथेचे आणि मनाला चटका लावणारे. पण हंसचे नाव घरोघर गेले ते हसवण्यामुळे. १९३८ साली आचार्य अत्र्यांचा ‘ब्रह्मचारी’ आला. आजन्म ब्रह्मचर्याची शपथ घेणारा औदुंबर आणि त्याची शपथ मोडणारी किशोरी. पोहण्याच्या पोषाखात मीनाक्षीबाई पडद्यावर आल्या म्हणून केवढा गहजब झाला! पण ते नुसते खट्याळ चित्र नव्हते. संघटना, शिस्त, शपथा यांच्या नावाखाली तरुणांना जी ढोंगे शिकवली जात त्यांना तो मारलेला टोमणा होता. १९३९ साली मुंबईत दारूबंदी आली आणि त्याच वर्षी अत्र्यांची ‘ब्रँडीची बाटली’ आली. म्हणजे हे विनोदकार डोळे मिटून बसणारे नव्हते. सरकारी आज्ञा बाहेर पडली की हे तिच्यावर हसायला तयार.

पुढे याच मंडळींनी पुण्यात नवयुग काढली. १९४० साली ‘लग्न पहावं करून’ आले, चिं. वि. जोशी यांच्या कथेवरून. चिं. वि. हे बडोद्याला राहत, पाली भाषेचे पंडित, आणि लिहिले काय तर चिमणराव आणि गुंड्याभाऊ! दामुअण्णा मालवणकरांचा चिमणराव आणि विष्णुपंत जोगांचा गुंड्याभाऊ लोकांनी डोक्यावर घेतला. १९४२ साली तीच जोडी ‘सरकारी पाहुणे’मध्ये पुन्हा आली. चिमणराव म्हणजे कारकून पेशाचा, कमी पगाराचा, भित्रा पण सरळ माणूस. महागाई वाढली की पहिला तो मरतो. आमच्या चळवळीत कारकुनाला आम्ही ‘मधला’ म्हणून हिणवत असू. आता वाटते, ते चूक होते. त्या सदऱ्याच्या खिशात भोक होतेच, ते शिवलेले होते इतकेच.

‘पहिली मंगळागौर’ हे याच झाडाचे फळ. फक्त ते पिकेपर्यंत झाड दुभंगले होते. त्याच सुमारास विनायक नवयुगमधून बाहेर पडले आणि दिग्दर्शन जुन्नरकरांच्या नावे लागले. नायक शाहू मोडक हे अहमदनगरच्या ख्रिस्ती घरातले. दोनच वर्षांपूर्वी, १९४० साली, प्रभातच्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये ते माउली झाले होते आणि खेड्यापाड्यांतल्या लोकांनी पडद्याला हात जोडले होते. ख्रिस्ती मुलाने ज्ञानेश्वर व्हावे आणि वारकऱ्यांनी त्याला माउली मानावे, याचे त्या काळी कोणाला काही वाटले नाही. हे मी जाता जाता सांगतो, कारण आज ते सांगावे लागते. आणि स्नेहप्रभाबाई? ‘पुनर्मिलन’ गाजवून आलेली, शिकलेली, फटकळ, कोणाचे ऐकून न घेणारी बाई. ‘स्नेहांकिता’ हे त्यांचे आत्मचरित्र ज्यांनी वाचले नसेल त्यांनी वाचावे.

आता माझ्या खोडीकडे वळतो. वस्तू कशाची बनली?

बोलपट बनतो कच्च्या फिल्मवर, आणि ही फिल्म आपल्या देशात तयार होत नव्हती. ती बोटीने येई. युद्ध सुरू होताच जर्मनीची आग्फा फिल्म बंद झाली. उरली ती इंग्लंड-अमेरिकेची, आणि तिच्या बोटी समुद्रात बुडत होत्या. १९४२ साली सरकारने हुकूम काढला : कुठलाही बोलपट ११,००० फुटांपेक्षा लांब असता कामा नये. पुढे १९४३ साली तर परवाना असल्याशिवाय फिल्मच मिळेनाशी झाली. हिशोब सोपा आहे. यंत्रातून मिनिटाला ९० फूट फिल्म जाते. म्हणजे ११,००० फूट म्हणजे दोन तास आणि दोन मिनिटे. त्याआधी अडीच-तीन तासांचा बोलपट ही आपली रीत होती. आता दोन तासांत प्रेम, रुसवा, विनोद, सासू, गैरसमज आणि गाणी, सारे कोंबायचे. भाकरीच्या टोपल्यात घरभराचे जेवण बसवणाऱ्या बाईला विचारा, ते कसे करतात.

शिवाय १९४३च्या सप्टेंबरपासून ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रत्येक सिनेमागृहाला खेळागणिक २,००० फुटांपर्यंत सरकारी प्रचाराची चित्रे दाखवणे सक्तीचे झाले. म्हणजे बावीस मिनिटे युद्धाची बातमी, आणि तिचे भाडे पुन्हा थिएटरवाल्यानेच भरायचे! आणि परवाना हवा तर युद्धाला मदत होईल असे चित्र काढा, असा आग्रह होऊ लागला. विनायकांनाही तो चुकला नाही. त्यांची ‘बडी माँ’ १९४५ साली आली ती अशीच युद्धप्रयत्नाची. तिच्यात नूरजहाँ होती. काही जणांनी मात्र सरकारच्याच दोरीने सरकारला बांधले. १९४३च्या ‘किस्मत’मधले कवी प्रदीपांचे ते प्रसिद्ध गाणे जर्मन आणि जपान्यांना उद्देशून आहे असे सांगून सुटले, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळले की दार कोणाला दाखवले आहे. ते चित्र कलकत्त्याच्या रॉक्सीत तीन वर्षांहून अधिक चालले.

हसऱ्या चित्रांचे हे पीक केवळ आपल्याकडेच आले असे समजू नका. जर्मनीत गोबेल्सच्या ताब्यातल्या स्टुडिओंनी युद्धाच्या ऐन भरात प्रेमाच्या आणि गमतीच्या गोष्टीच अधिक काढल्या. लोकांनी बॉम्ब विसरावेत हा हेतू. अमेरिकेत त्याच १९४२ साली कोलंबिया कंपनीने फ्रेड अस्टेअर आणि रीटा हेवर्थ यांचे एक नाचगाण्याचे चित्र काढले. त्याची गोष्ट अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्सची. एका श्रीमंत हॉटेलवाल्याला चार मुली, आणि त्याचा हट्ट असा की मुलींची लग्ने वयाच्या क्रमानेच झाली पाहिजेत. मधली लग्नाला तयार नाही, म्हणून धाकट्या खोळंबल्या आहेत. मग बाप स्वतःच खोटी प्रेमपत्रे आणि फुले पाठवतो! हे वाचले तेव्हा मी मोठ्याने हसलो. थोरलीचे होईपर्यंत धाकटीचे नाही, हा नियम मी समजत होतो आपल्या मराठवाड्याचा. तो तर हॉलिवूडच्या हॉटेलवाल्यालाही लागू निघाला. पण अर्जेंटिना का? कारण युरोपातली गिऱ्हाइके युद्धाने तुटली होती आणि अमेरिकेला दक्षिणेकडच्या शेजाऱ्यांना खूश ठेवायचे होते, व्यापारासाठीही आणि राजकारणासाठीही. प्रेमाची गोष्ट कुठल्या गावात घडते हेसुद्धा बाजार ठरवतो. तिथे बोटी हुकमाने चालत होत्या म्हणून गोष्ट परदेशी गेली. इथे बोटी बुडत होत्या म्हणून गोष्ट अकरा हजार फुटांत आली.

आणि आपण कुठे होतो? मुखेड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. रूळ नांदेडवरून गेलेला, मुखेड त्यापासून दूर. कचेरीची भाषा उर्दू, शाळेची उर्दू. नाणे निराळे : हाली. शंभर कलदार रुपयांना एकशे सोळा हाली रुपये, दहा आणे, आठ पै. संस्थानात येणाऱ्या मालाला करोडगिरी भरावी लागे. सभा घ्यायची तर गश्ती निशान ५३ आडवे येई. परवानगीशिवाय चार माणसांसमोर बोलायची सोय नव्हती. स्टेट काँग्रेस १९३८ पासून बंदीत होती. अशा मुलखात मराठी बोलपट येणे म्हणजे नुसती करमणूक नव्हती. सरकारी कागदावर जिला जागा नाही ती आपली बोली भल्या मोठ्या आवाजात, दिव्यांच्या झोतात, शेकडो लोकांसमोर बोलली जात होती, आणि तिच्यासाठी कोणाला अर्ज करावा लागला नव्हता. आमच्या बाजारातले एक वृद्ध हमाल, आता ते नाहीत, मला सांगत की तरुणपणी नांदेडला त्यांनी पहिला मराठी बोलपट पाहिला तेव्हा गोष्ट त्यांना निम्मीच समजली, कारण पुणेरी बोलणे फार भरभर होते. पण “पडद्यातली बाई आपल्यावानी बोलली” याचेच त्यांना अप्रूप वाटले. बोलपटाचे नाव मात्र त्यांना आठवत नव्हते.

मी स्वतः सिनेमा पहिल्यांदा पाहिला तो माळेगावच्या यात्रेत, तंबूत, बापाच्या मांडीवर बसून. इंजिनाचा धडधडाट बाहेर, आणि आत पडद्यावर रंगीत चित्र होते की काळेपांढरे तेही मला आठवत नाही. आठवते ते एवढेच की, दिवसभर पोती उचलून ज्याचा खांदा सुजलेला होता तो माझा बाप हसताना हलत होता आणि त्याच्या हलण्याने मी हलत होतो.

आता मुख्य गोष्ट सांगतो, जिच्यासाठी मी हा विषय घेतला.

हंस, प्रभात, नवयुग या संस्थांत माणसे महिन्याच्या पगारावर होती. दिवे धरणारा, सुतार, शिंपी, रंगभूषाकार, वाजंत्री, आणि नटनट्यासुद्धा. आज ज्याला आपण तारा म्हणतो तो पहिल्या तारखेला रांगेत उभा राहून पगार घेई. प्रभातला कोल्हापूरहून पुण्याला येऊन १९३३ साली जो स्टुडिओ उभा राहिला तो एखाद्या गिरणीसारखाच होता. भोंगा नव्हता एवढेच. मी या दिवसांचे सोने करून सांगत नाही. मालक मालकच होते, कामाचे तास लांब होते, युनियन नव्हती. परंतु महिन्याचा पगार म्हणजे काय, हे ज्याने रोजंदारी केली आहे त्याला विचारा. पाऊस पडला तरी चूल पेटते. मूल आजारी पडले तर उद्याचा रोज बुडत नाही. आणि एक गोष्ट, जी हिशोबात येत नाही : रोज एकत्र काम करणारी माणसे एकमेकांची थट्टा ओळखतात. त्या हसऱ्या बोलपटांत जोग आणि मालवणकर यांचे जे साधते, एकाचे वाक्य संपण्याआधी दुसऱ्याचा चेहरा बदलतो, ते कंत्राटावर चार दिवस बोलावलेल्या नटांना साधत नाही. ते रोजच्या सहवासाचे पीक आहे.

युद्धाने हे मोडले. कसे मोडले? युद्धाच्या ठेक्यांतून, साठेबाजीतून, काळ्या बाजारातून ज्यांच्याकडे पैसा साचला, त्यांना तो कुठेतरी खपवायचा होता. फिल्म परवान्यावर आली, म्हणून परवानाच विकाऊ माल झाला. नव्या पैसेवाल्याला स्टुडिओ बांधायचा नव्हता, माणसे सांभाळायची नव्हती. त्याला एक चित्र काढून पैसा दुप्पट करायचा होता. त्याने काय केले? नावाजलेल्या नटाला एका चित्रासाठी वर्षाच्या पगाराएवढी रक्कम देऊ केली. नट गेला. मग दुसरा गेला. संस्थेकडे पगाराची माणसे उरली, पण ज्याच्या नावावर तिकीट खपते तो उरला नाही. व्ही. शांताराम १९४२ साली प्रभातमधून बाहेर पडले आणि मुंबईत राजकमल काढली. प्रभात पुढे दहाएक वर्षांत बंद पडली. तिच्या जागेवर १९६० साली सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट आली. वरच्या दहा जणांचे भाव वाढले, आणि खालचे शेकडो लोक रोजंदारीवर आले. दिव्याचा हमाल आणि आडतीवरचा हमाल यांची जात एक झाली. चित्रपट कामगारांसाठी म्हणून निराळा कायदा व्हायला १९८१ साल उजाडावे लागले.

याच काळात मुंबईच्या गिरणी कामगारांनी काय केले ते पाहा. मार्च १९४० मध्ये महागाईसाठी सार्वत्रिक संप झाला आणि सुमारे चाळीस दिवस चालला. आज सरकारी नोकरापासून साखर कारखान्याच्या कामगारापर्यंत सगळे ज्याला ‘डी.ए.’ म्हणतात, त्या महागाई भत्त्याची गोष्ट त्या युद्धाच्या महागाईत रुजली. गिरणीकडे संघटना होती म्हणून युद्धातून तिने भत्ता काढला. स्टुडिओकडे नव्हती म्हणून युद्धाने त्याचा पगारही काढून घेतला. ‘पहिली मंगळागौर’ तयार झाली ती नेमकी या उतारावर. पगारी संस्थांच्या शेवटच्या शेवटच्या हशांपैकी तो एक हशा आहे, असे मी मानतो.

आणि या बोलपटात एक तेरा वर्षांची मुलगी कामाला होती.

मास्टर दीनानाथ मंगेशकर २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात वारले. बलवंत संगीत मंडळी केव्हाच बुडाली होती. घरात विधवा आई आणि पाच मुले : लता, मीना, आशा, उषा आणि हृदयनाथ. थोरली लता, सप्टेंबर १९२९चा जन्म, म्हणजे बाप गेला तेव्हा तेरावे पुरे व्हायचे होते. विनायकांचे त्या घराशी येणेजाणे होते. त्यांच्यामुळे तिला नवयुगमध्ये काम मिळाले. त्याच वर्षी ‘किती हसाल’ या चित्रासाठी तिने आयुष्यातले पहिले चित्रपटगीत गायले होते, सदाशिवराव नेवरेकरांच्या चालीवर. पण ते चित्रात आलेच नाही. नाव पाहा, ‘किती हसाल’! ‘पहिली मंगळागौर’मध्ये ती पडद्यावर आली आणि दादा चांदेकरांच्या चालीवर चैत्राच्या वर्णनाचे एक गाणेही तिने गायले. सतत वर्षभर मराठी घरांत ज्या आवाजाने पुढे सकाळ होणार होती तो आवाज पहिल्याने लोकांच्या कानी पडला तो असा, एका हसऱ्या चित्रातल्या छोट्या कामात.

लताबाईंनी पुढे मुलाखतींतून सांगितले आहे की, त्यांना नटण्याचा मनापासून तिटकारा होता. तोंडाला रंग, डोळ्यांवर दिवे, आणि सांगितले की हसायचे, सांगितले की रडायचे. त्यांच्या भुवया आणि कपाळावरचे केस चित्रासाठी कमी केले तेव्हा ती मुलगी घरी येऊन रडली. पण दुसऱ्या दिवशी कामावर गेली. का गेली, हे इथे बसलेल्या ज्यांनी लहानपणी कापूस वेचला आहे त्यांना मी सांगावे काय?

कायदा तेव्हा काय म्हणत होता ते मी शोधून पाहिले. १९३८ सालचा मुलांच्या नोकरीचा कायदा होता. विडी वळणे, गालिचे विणणे, काड्यापेट्या, अभ्रक, साबण, कातडी कमावणे, अशा कारखान्यांत बारा वर्षांखालचे मूल ठेवायला त्याने बंदी केली होती, आणि रेल्वे-बंदराच्या कामाला पंधरा वर्षांची. सिनेमाचे नाव त्यात नाही. असते तरी ती बारा वर्षांवरची होती. कायद्याच्या लेखी मजूरच. २०१६ साली बालमजुरीचा कायदा सुधारून चौदा वर्षांखालच्या मुलाला सगळ्याच धंद्यांत बंदी झाली. मात्र घरच्या धंद्यात हात लावायला आणि नटण्याच्या कामाला मोकळीक ठेवली, शाळा बुडू नये या अटीवर. तर ती जी मोकळीक आहे तिच्याकडे पाहताना मला नेहमी ही १९४२ची मुलगी दिसते. मी त्या मोकळिकीच्या बाजूचा की विरुद्ध, असे मला एकाने विचारले. मी त्याला म्हटले, तिला त्या दिवशी कायद्याने घरी पाठवले असते तर त्या सहा तोंडांत घास कोणी घातला असता ते आधी सांग. आणि त्याने विचारले, मग विडीच्या मुलीला घरी का पाठवता? या प्रश्नाला माझ्याजवळ नीट उत्तर नव्हते. आजही नाही.

आता ती पहिली शंका. १९४२ साली हसणे हे पाप होते काय?

नव्वद सालानंतर एका बाजारपेठेत, गावाचे नाव घेत नाही, आमचा संप चालू होता. अकरावा दिवस. मंडपात माणसे गप्प बसून राहत; भाषणे ऐकून ऐकून कान किटले होते, आणि घरी जायची हिंमत नव्हती, कारण घरी डबे रिकामे. एका तरुण कार्यकर्त्याने भाड्याने टी.व्ही. आणि व्हिडिओ आणला आणि रात्री ‘ब्रह्मचारी’ची कॅसेट लावली. जवळजवळ साठ वर्षांपूर्वीचे चित्र, आवाज खरखरणारा. मला वाटले, अर्ध्या तासात मंडप ओस पडेल. औदुंबरने ब्रह्मचर्याची शपथ घेतली आणि मागच्या बाजूने कोणीतरी म्हणाले, “झालं, आता ह्याची गेली.” आणि मंडप फुटला. बंदोबस्ताला उभे असलेले दोन शिपाईही भिंतीला टेकून हसत होते. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याहून आमचे एक ज्येष्ठ पुढारी आले आणि त्यांनी आम्हाला फैलावर घेतले : लोक उपाशी, आणि तुम्ही खेळ दाखवता? मी मान खाली घालून उभा राहिलो. एक म्हातारा हमाल मात्र उठून म्हणाला, “दादा, उपाशी तर आमी आहोतच. हासल्यानं भूक वाढते का कुठं?” पुढारी काही बोलले नाहीत. संप आणखी पाच दिवस टिकला आणि निम्म्या मागण्यांवर मिटला. चित्रामुळे टिकला असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे खोटे ठरेल. पण त्या रात्री कोणी मंडप सोडून गेले नाही, हे मी स्वतः मोजले आहे.

म्हणून गोबेल्सचे हसू आणि चिमणरावाचे हसू यांत मी फरक करतो. एक हसू वरून वाटलेले असते, रेशनसारखे. ते घेताना तुम्ही कशावर हसू नये हे आधीच ठरलेले असते. दुसरे हसू कारकुनाच्या घरातून, मंगळागौरीच्या जागरणातून, लग्न जमवताना झालेल्या फजितीतून आलेले असते, आणि त्याला हुकूम देता येत नाही. नवयुगच्या लोकांनी ९ ऑगस्टवर बोलपट काढला नाही हे खरे. काढला असता तर तो कात्रीखालून सुटला नसता हेही खरे. मी त्यांना देशभक्त ठरवायला उभा नाही. पण त्यांनी गोऱ्या साहेबाच्या विजयाचे नगारे या चित्रात वाजवले नाहीत, अकरा हजार फुटांतले दोन तास आपल्या माणसांच्या घरातल्या गोष्टीला दिले, एवढे त्यांच्या खात्यावर जमा धरतो.

राहिली शेवटची नोंद. विनायकांनी १९४३ साली कोल्हापुरात प्रफुल्ल पिक्चर्स काढली आणि लताला पगारावर तिथे घेतले. ‘माझं बाळ’, ‘चिमुकला संसार’, ‘गजाभाऊ’ अशी चित्रे झाली. १९४५ साली संस्था मुंबईला गेली. तिच्याबरोबर लताही गेली. १९४७ साली, स्वातंत्र्य मिळून चारच दिवस झाले असताना, १९ ऑगस्टला मास्टर विनायक वारले. वय एक्केचाळीस. ‘मंदिर’ हे त्यांचे चित्र अर्धे राहिले होते. ते दिनकर पाटलांनी पुरे केले आणि १९४८ साली आले. प्रफुल्लचा पगार थांबला, आणि लता मंगेशकर गाण्याच्या रोजावर, या स्टुडिओतून त्या स्टुडिओत, लोकलने हिंडू लागल्या.

विनायकांच्या मागे घरात लहान मुले होती. त्यांपैकी एक मुलगी आठ वर्षांची. ‘मंदिर’मध्ये तिलाच कामाला उभे केले. पडद्यावर तिचे नाव आले : बेबी नंदा.